तिसरे सालारजंग : बशा एकट्याच्या, वारसा सर्वांचा

आपल्या बीदर-कलबुर्गीकडचा माणूस हैदराबादला गेला की चारमिनार आणि सालारजंग म्युझियम पाहिल्याशिवाय सहसा परतत नाही. तिथल्या मोठ्या घड्याळाचे ठोके ऐकायला गर्दीही करतो. पण हा संग्रह ज्यांनी जमवला ते तिसरे सालारजंग कोण, हे थोड्यांनाच ठाऊक असते. १९४८ पर्यंत आपले जिल्हे त्याच निजामी राज्यात होते. म्हणून त्यांच्याविषयी हे चार शब्द.

त्यांचे नाव मीर युसूफ अली खान. जन्म १३ जून १८८९ चा, तोही आपल्या पुण्यातला. बाळ महिन्याचेही झाले नव्हते तोच वडील वारले. आजोबा, म्हणजे पहिले सालारजंग, तीस वर्षे हैदराबादचे दिवाण होते. १८७६ मध्ये युरोपला गेले असता त्यांनी इटलीतून बुरख्यातल्या रेबेकाचा प्रसिद्ध संगमरवरी पुतळा आणला. चांगल्या वस्तूंची आवड घरातच होती.

१९१२ साली, अवघ्या तेविसाव्या वर्षी, युसूफ अली दिवाण झाले. १९१४ मध्ये पद सोडले आणि उरलेले आयुष्य वस्तू जमवण्यात घालवले. त्यांत युरोपातली उंची चिनी मातीची भांडी होती. चीनचे हे गुपित युरोपला उशिरा उमगले. जर्मनीत १७१० मध्ये माइसेनला कारखाना निघाला, तर इटलीत १७३५ मध्ये फ्लॉरेन्सजवळ दोच्या गावी जिनोरी घराण्याने काम सुरू केले. या पातळ बशा दिव्यासमोर धरल्या तर उजेड आरपार दिसतो. राजेरजवाड्यांच्या मेजवान्यांत त्या मानाने मांडल्या जात. ड्रेस्डेन, सेव्हर, वेजवुड अशा नामांकित ठिकाणची भांडी सालारजंगांच्या दिवाण देवडीत येऊन पोहोचली.

पैसा अर्थातच जहागिरीचा. आपल्या कर्नाटकातले कोप्पळ त्यांच्याच जहागिरीत होते. तिथल्या रयतेचा घामही या बशांच्या किमतीत आहे, हे विसरून चालणार नाही.

सालारजंगांनी लग्न केले नाही. थाटाची भांडी होती, पण त्या ताटांवर जेवायला स्वतःची लेकरे नव्हती. २ मार्च १९४९ रोजी ते वारले तेव्हा थेट वारस कोणी नव्हता. संग्रह वाटणीत विखुरला असता. तसे झाले नाही. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते दिवाण देवडीतच म्युझियम उघडले. १९६१ मध्ये संसदेने कायदा करून ते राष्ट्रीय महत्त्वाचे ठरवले आणि १९६८ मध्ये ते मुसी नदीकाठच्या सध्याच्या इमारतीत आले. रयतेच्या पैशातून आलेल्या वस्तू अशा रीतीने रयतेला पाहायला तरी मिळाल्या.

पुढच्या वेळी मुलांना घेऊन जाल तेव्हा घड्याळापाशीच थांबू नका. चिनी मातीच्या दालनात जा. मग बिदरी कामही अवश्य दाखवा. काळ्या धातूवर चांदीची नक्षी काढणारे ते हात आपल्या बीदरचे होते, हे त्यांना सांगा.