थोरला भाऊ : रामूअण्णा किर्लोस्कर

संतचरित्रे वाचणाऱ्या आपल्या मंडळींना देहूच्या कान्होबांची गोष्ट सांगावयास नको. वडिलांच्या वेळची खतपत्रे तुकोबारायांनी इंद्रायणीत बुडवावयास काढली तेव्हा त्यांचे दोन वाटे झाले. निम्मी खते धाकट्या कान्होबांच्या हाती दिली आणि निम्मी डोहात गेली, असे महिपतीबुवा सांगतात. कीर्तनात डोहात गेलेल्या खतांचेच वर्णन रंगते. ज्या भावाने उरलेली निम्मी सांभाळली, घरची माणसे सांभाळली, त्याच्याकडे श्रोत्यांचे लक्ष फारसे जात नाही. आम्हांला मात्र अशा भावांविषयी पहिल्यापासून ओढ आहे. म्हणून या अंकी आमच्याच मुलखाशी नाते असलेल्या एका थोरल्या भावाचे चरित्र घेतले आहे. हे काही संत नव्हेत, प्रपंची गृहस्थ होते.

शिराळ्यापासून कृष्णाकाठापर्यंत किर्लोस्करांचे नाव माहीत नाही असे घर सापडणे कठीण. नांगर म्हटला की किर्लोस्कर, हे समीकरण आजोबा-पणजोबांच्या तोंडी बसलेले होते. तो नांगर करणारे लक्ष्मणराव ते धाकटे, आणि त्यांचे थोरले बंधू ते रामूअण्णा. (नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर ते निराळे बरं का. गाव मात्र एकच, बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर.)

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशीनाथपंत वेदान्तशास्त्री. अशा घरात मुलाने पोथी हाती धरावी ही साधी अपेक्षा. पण या मुलाचे चित्त रंगात आणि यंत्रात. १८८५ साली मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत जावयाचे त्याने मनात घेतले. खर्च कोणी करावयाचा? रामूअण्णांनी. चित्रकला शिकण्यासाठी घरचा पैसा मुंबईस धाडावयाचा म्हणजे त्या काळी गावातली शहाणी माणसे हसणारच. बरे, पुढे झाले काय, तर दोन वर्षांनी लक्ष्मणरावांना उमगले की आपल्या डोळ्यांना काही रंग नीट ओळखू येत नाहीत. चित्रकार होण्याची गोष्ट संपली. येथे दुसरा एखादा भाऊ असता तर खर्चाचा हिशेब पुढे टाकून पोराला घरी बोलावता. तसे काही झाले नाही. लक्ष्मणरावांनी यंत्रांची रेखाटने काढण्याची विद्या हस्तगत केली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये त्यांना शिक्षकाची जागा मिळाली.

याच सुमारास, कागलच्या बाजूला, गोविंदराव गोखले पंधरा रुपये पगारातले आठ रुपये धाकट्या गोपाळच्या शिक्षणास धाडून गेले होते. तो गोपाळ म्हणजेच नामदार गोखले. थोरल्या भावाने स्वतःचे शिक्षण सोडावे, धाकट्याचे करावे, ही रीतच होती म्हणा. पण धाकट्याचा धंदा आपल्या अंगावर घ्यावयाचा, तोही कोणी न पाहिलेल्या वस्तूचा, ही रीत नव्हती.

ती वस्तू म्हणजे सायकल. १८८८ साली दोघा भावांनी बेळगावात सायकलींचे दुकान घातले. लक्ष्मणराव नोकरीमुळे मुंबईत. त्यांनी तिकडून सायकली खरेदी करून पाठवायच्या, आणि दुकान चालवावयाचे, गिऱ्हाईक गाठावयाचे, मोडतोड पाहायची, ते सगळे रामूअण्णांनी. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये! म्हणजे गिऱ्हाईक कोण, तर अंमलदार आणि बडी माणसे. विकून सुटका नाही, वर बसावयास शिकवलेही पाहिजे. ते काम रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन करीत. वेदान्तशास्त्र्यांचा थोरला मुलगा साहेबाच्या सायकलीमागून धावतो आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे आम्हांला हसूही येते आणि आदरही वाटतो. गोविंदरावांचा महिन्याचा पगार तेवढाच होता, हेही ध्यानात घ्यावे. दुकान होते त्या रस्त्याला पुढे किर्लोस्कर रोड असे नाव पडले.

१८९७ साली मुंबईत लक्ष्मणरावांच्या हक्काची बढती एका अँग्लो-इंडियन इसमास मिळाली. त्यांनी नोकरीस रामराम ठोकला आणि बेळगावची वाट धरली. भावाने तोलून धरलेले दुकान पाठीशी नसते तर हा स्वाभिमान परवडला असता का? आम्ही नाहीच म्हणू. स्वाभिमानाची किंमत बहुधा घरातले दुसरेच कोणीतरी मोजीत असते.

मग दुकानाचा कारखाना झाला. आधी कडबा कापण्याचे यंत्र, मग १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. कडबा कापण्याने बैलांना वैरण पुरते, एवढे कोणालाही पटते. नांगराचे तसे नव्हते. लोखंडाने जमिनीस विष चढते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपावयास दोन वर्षे लागली म्हणतात. आमच्या शिराळ्याकडच्या म्हाताऱ्यांना यात नवल वाटणार नाही. लाकडी नांगर बापजाद्यांचा, गावच्या सुताराचा, बलुत्यातला. रोख पैसे मोजून परक्याचे लोखंड कशाला घालावयाचे काळ्या आईच्या पोटात? दोन वर्षे माल पडून राहणे म्हणजे काय, ते ज्याने पेठेत दुकान मांडले आहे त्याने जाणावे. घरी खाणारी तोंडे, बाहेर देणी. अशा दिवसांत पुष्कळ भाऊ वेगळे होतात. बांधावरच्या एका बाभळीपायी तालुक्याच्या कोर्टाच्या पायऱ्या झिजविणारे भाऊ आपण पाहतोच की.

आणि तशात बेळगाव नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडण्याचा हुकूम काढला. शहराची वाढ करावयाची होती. लक्ष्मणराव त्या वेळी औंध संस्थानात बांधकामाच्या कामावर होते. राजेसाहेब बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आलेले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळ बत्तीस एकर माळ दिला आणि बिनव्याजी दहा हजार रुपये दिले. माळ कसला, निवडुंगाचे रान, आणि त्यात नाग. १९१० च्या मार्चात तेथे किर्लोस्करवाडीची वस्ती पडली.

रामूअण्णांनी बावीस वर्षांचा बेळगावचा जम मोडला आणि भावामागून त्या माळावर आले. वाडीची आखणी आणि तिचा कारभार त्यांनी अंगावर घेतला. कारखान्यात शंभूराव जांभेकर यंत्रे पाहत, मंगेशराव रेगे हिशेब ठेवीत, के. के. कुलकर्णी पडेल ते काम करीत. पण जेथे झाड नाही, विहीर नाही, बाजार नाही, तेथे कामगारांची कुटुंबे आणून वसवावयाची म्हणजे पाण्याच्या घागरीपासून केराच्या टोपलीपर्यंत सगळे कोणीतरी पाहिलेच पाहिजे. नांगर विकला की नाव नांगराचे होते. सकाळी गावात पाणी आले म्हणून कोणी कोणाचे नाव घेत नाही!

राखणीला माणसे ठेवली तीही पाहा. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही तुरुंग भोगून आलेले. ज्यांना गावाच्या वेशीत कोणी उभे करीत नव्हते त्यांच्याच हाती रात्रीचा पहारा दिला, आणि त्यांनी तो इमानाने राखला. शिवाशिव वाडीत पाळावयाची नाही, हाही तेथील दंडक होता. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडून घरी परतताच शिवाशिव पाळणारे आपल्यात थोडे नव्हते, म्हणून ही गोष्ट मुद्दाम लिहिली.

तिसरे बंधू वासुदेवअण्णा सोलापुरास डॉक्टर. त्यांचा मुलगा शंकरराव वाडीस काकांच्या हाताखाली आला. १९२० साली किर्लोस्कर खबर निघाली ती त्याच्या हातून. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव १९२२ साली यंत्रविद्या शिकावयास अमेरिकेस गेले. पुतण्याने येथे छापखाना चालवावा, मुलाने सातासमुद्रापलीकडे शिकावे, आणि घर एकच. चूल, पोरेबाळे, पै-पाहुणा सांभाळणाऱ्या राधाबाईंसारख्या घरच्या बायकांचा वाटा यात फार मोठा, आणि त्याची नोंद तर थोरल्या भावाच्या कामाहूनही कमी.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी वारले. कुंडल रोड हे स्टेशनाचे नाव बदलून किर्लोस्करवाडी झाले आहे. पुणे-मिरज मार्गावर उतरून आमच्या वाचकांनी कधी ती वाडी पाहिली, तर कारखाना पाहतीलच. गल्ल्यांची आखणीही जरा न्याहाळून पाहावी.