लोकांना सायकल विकायची आणि चालवायलाही शिकवायची, बेळगावच्या त्या दुकानातून किर्लोस्कर उभे राहिले

आयर्लंडचं नाव काढलं की सायकलवाल्यांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं. हिरवेगार डोंगर, त्यांच्या पायथ्याशी तळी आणि तळ्याच्या कडेनं वळत जाणारा अरुंद रस्ता. तिथल्या किलार्नीच्या तळ्यांभोवती सायकल चालवायला जगभरातून लोक जातात.

पण तळ्याकाठची सायकलिंग करायला आयर्लंडलाच जायला पाहिजे असं काही नाही. पुणे-सोलापूर हायवेवर टेंभुर्णीजवळ आलं की उजनीचं पाणी लागतं. भीमेवरच्या या धरणाचं काम १९८० साली पूर्ण झालं आणि मागं मैलोन्‌मैल पाणी पसरलं. हिवाळ्यात या बॅकवॉटरला फ्लेमिंगो येतात. हायवे सोडून आतल्या रस्त्याला सायकल घातली तर एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस.

आता जरा त्या उसाकडं बघा. जमीन खोल उलटवणारा लोखंडी नांगर आणि नदीचं पाणी बांधावर आणणारा पंप, या दोन गोष्टींनी हा पट्टा बदलला. आणि मराठी शेतकऱ्याला या दोन्हीची ओळख करून देण्यात ज्या माणसाचं नाव सगळ्यात आधी येतं, त्यानं धंद्याची सुरुवात सायकलीपासून केली होती.

त्याचं नाव लक्ष्मणराव किर्लोस्कर.

शाळेत मन नाही आणि रंग दिसत नाहीत

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. गाव बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक होते. घरात ग्रंथांचं वातावरण, पण पोराचं मन दोनच गोष्टींत रमायचं. एक चित्रं काढणं आणि दुसरं यंत्राची खुडबुड करणं.

त्या काळात ब्राह्मण घरातल्या पोरानं शिकून सरकारी नोकरी धरावी, असा सरळ हिशोब होता. चित्रकला शिकायला मुंबईला जायचं म्हटल्यावर वडिलांचा विरोध झाला. तेव्हा थोरले भाऊ रामचंद्र, म्हणजेच रामूअण्णा, धाकट्याच्या पाठीशी उभे राहिले. पुढं आयुष्यभर ते तसेच उभे राहिले.

१८८५ साली लक्ष्मणराव जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. दोन वर्षं बरी गेली आणि मग लक्षात आलं की त्यांना काही रंग नीट ओळखताच येत नाहीत. रंगांधळेपणा होता. चित्रकार व्हायचं स्वप्न तिथंच संपलं.

पण रेषा तर काढता येत होती. यंत्रांच्या आराखड्याला रंग लागत नाहीत, त्याला लागतो हिशोब आणि स्थिर हात. लक्ष्मणरावांनी मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं आणि त्याच जोरावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, शिक्षकाची नोकरी मिळाली.

दिवसा शिकवायचं आणि उरलेल्या वेळात संस्थेतली यंत्रं बघायची. यंत्र कसं फिरतं, कुठं अडतं, उघडलं तर आत काय दिसतं, हे सगळं ते तिथं हातानं शिकले. इंजिनिअरची डिग्री त्यांच्याकडं शेवटपर्यंत नव्हती.

मुंबईत दिसलेली ती दोन चाकं

तर झालं असं की मुंबईच्या रस्त्यावर लक्ष्मणरावांना एक पारशी गृहस्थ दोन चाकांच्या गाडीवर बसून जाताना दिसले. सायकल ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

खुद्द युरोपातही ती नवीनच होती. पुढं भलंमोठं चाक आणि मागं छोटं, अशा उंच सायकलवरून पडलं तर थेट डोकं आपटायचं. दोन्ही चाकं सारख्या आकाराची आणि मागच्या चाकाला साखळी, ही आजच्यासारखी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ च्या सुमाराला आली. तिची चाकं भरीव रबराची होती, त्यामुळं खडबडीत रस्त्यावर हाडं खिळखिळी व्हायची.

यावर उपाय निघाला तो आयर्लंडमध्ये. बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप नावाचे एक जनावरांचे डॉक्टर होते. पोराच्या तीनचाकी सायकलला धक्के बसतात म्हणून त्यांनी रबराच्या नळीत हवा भरून ती चाकावर बसवली आणि १८८८ साली तिचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी हवेच्या टायरवर बसलेल्या विली ह्यूम नावाच्या गड्यानं बेलफास्टमधल्या शर्यती मारल्या आणि भरीव चाकांचे दिवस भरले. पेटंट पुढं टिकलं नाही, कारण तशीच कल्पना रॉबर्ट थॉमसन नावाच्या माणसानं चाळीसेक वर्षांपूर्वीच नोंदवून ठेवली होती. पण हवेचं टायर टिकलं आणि सायकल शर्यतीच्या मैदानातून रोजच्या रस्त्यावर आली.

इकडं भारतातही १८८८ हे साल महत्त्वाचं ठरलं. किर्लोस्कर समूह आपली सुरुवात याच सालापासून मोजतो.

लक्ष्मणरावांनी आधी स्वतःसाठी सायकल घेतली आणि चालवायला शिकले. मग त्यांच्यातला यंत्रवेडा आणि धंदेवाला दोघंही जागे झाले. मुंबईत सायकल घ्यायची आणि बेळगावला रामूअण्णांकडं धाडायची. रामूअण्णा ती तिथं विकायचे.

सायकलची किंमत तेव्हा ७०० ते १००० रुपये होती असं सांगितलं जातं. महिन्याला शंभर रुपये पगार म्हणजे मोठा माणूस, असा तो काळ. त्यामुळं गिऱ्हाईक म्हणजे वकील, अधिकारी आणि पैसेवाली मंडळी.

पण खरी अडचण वेगळीच होती. हजार रुपये मोजून घेतलेली सायकल चालवायची कशी? बेळगावात ती कुणी आधी बघितलेलीच नव्हती. म्हणून रामूअण्णांनी शिकवणीही सुरू केली. सायकल चालवायला शिकवायचे पंधरा रुपये वेगळे. आज हे वाचून हसू येईल, पण किर्लोस्करांच्या पुढच्या सगळ्या धंद्याची चावी या पंधरा रुपयांत आहे. नवीन वस्तू आणली की ती वापरायला शिकवणं हीसुद्धा विकणाऱ्याचीच जबाबदारी, हे दोघं भाऊ इथं शिकले.

डावललं गेलं आणि नोकरी सोडली

मुंबईत लक्ष्मणरावांची नोकरी व्यवस्थित चालली होती. बढतीची वेळ आली, कामाच्या हिशोबानं ती त्यांना मिळायला हवी होती. पण ती जागा गोऱ्या वंशाच्या माणसाला देण्यात आली.

लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला. घरी बायको राधाबाई, संसार वाढता, हातात डिग्री नाही. पण जिथं लायकी बघून नाही तर रंग बघून जागा मिळते, तिथं राहायचं नाही हे त्यांनी ठरवलं आणि बेळगावला आले.

दुकानावर पाटी होती ‘किर्लोस्कर ब्रदर्स’. विक्री आणि दुरुस्ती जोडीनं चालायची. सायकल परदेशी असली की तिचा एखादा भाग तुटला म्हणून तो शेजारच्या दुकानात मिळत नाही. एक तर बोटीनं मागवा, नाहीतर स्वतः बनवा. असं एकेक काम करत दुरुस्तीच्या दुकानाचा छोटा कारखाना झाला.

सायकलीच्या धंद्यात पुढं इतर लोकही उतरले. मग लक्ष्मणरावांनी विचार केला की ज्या देशात बहुतेक लोक शेती करतात, तिथं यंत्र शेतकऱ्याच्या उपयोगाचं पाहिजे. त्यांनी आधी कडबा कापायचं यंत्र केलं आणि मग हात घातला लोखंडी नांगराला.

नांगर कुणी घेईना

लाकडी नांगर जमीन वरवर चिरत जातो. लोखंडी नांगर खोल जातो आणि माती पलटी करतो. त्यामुळं खालची माती वर येते, तण मुळासकट निघतं, पाणी आत मुरतं. काळ्या चिवट रानात तर हा फरक मोठाच.

पण शेतकऱ्यांनी नांगराकडं पाठ फिरवली. लोखंडामुळं जमिनीत विष भिनतं आणि पीक येत नाही, अशी समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षं लागली. कारखान्यात माल पडून आणि पैसा अडकून.

इथं शेतकऱ्याला अडाणी ठरवून मोकळं होणं सोपं होतं. पण त्याचंही बरोबर होतं. वर्षाचं पीक हीच ज्याची सगळी पुंजी, त्यानं अनोळखी अवजारावर ती का लावावी? सायकलवर बसायला घाबरणाऱ्या वकिलापेक्षा त्याची भीती जास्त खरी होती. वकील पडला तर गुडघा फुटणार होता, शेतकरी फसला तर घर उपाशी राहणार होतं.

लक्ष्मणराव थांबून राहिले. ज्यांनी धाडस करून नांगर घेतला त्यांच्या शेताकडं बघून बाकीच्यांचा विश्वास बसत गेला आणि हळूहळू मागणी सुरू झाली.

जागा गेली, माळरान मिळालं

धंदा रुळावर येतोय तोवर नवीन संकट उभं राहिलं. बेळगाव नगरपालिकेला शहराच्या वाढीसाठी जमीन हवी होती आणि त्यात कारखान्याची जागा गेली. भट्टी, यंत्रं, कामगार घेऊन जायचं कुठं?

तेव्हा औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं कर्ज दिलं. जमीन म्हणजे काय, तर निवडुंगानं भरलेला माळ. पाण्याची वानवा आणि सापांचा सुळसुळाट.

मार्च १९१० मध्ये लक्ष्मणराव मोजकी माणसं आणि त्यांची कुटुंबं घेऊन तिथं उतरले. निवडुंग तोडला, पाणी शोधलं, शेड उभ्या केल्या. सोबत हिशोब बघणारे मंगेशराव रेगे होते, यंत्रात डोकं चालणारे शंभूराव जांभेकर होते, शाळा अर्धवट सुटलेले पण हात सोन्याचे असलेले अनंतराव फळणीकर होते. व्यवस्था सांभाळायला रामूअण्णा होतेच. राखणदारीला तर लक्ष्मणरावांनी तुरुंगात शिक्षा भोगलेली माणसं ठेवली. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं, त्यांच्याच हातात कारखान्याची राखण दिली आणि त्या माणसांनी ती इमानानं केली.

या माळाची किर्लोस्करवाडी झाली. वस्तीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता. १९१० च्या दशकात असा नियम करणं आणि तो कामगारांच्या घरापर्यंत पोचवणं ही साधी गोष्ट नव्हती. पुढं त्या रेल्वे स्टेशनचं नावही किर्लोस्करवाडी झालं.

पहिल्या महायुद्धात परदेशी माल यायचा बंद झाला. देशी नांगराला मागणी वाढली, पण लोखंड आणि कोळसा मिळेना. त्यातूनही कारखाना चालू राहिला आणि १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली.

यंत्रासोबत मासिकही

त्याच १९२० साली किर्लोस्करवाडीतून एक मासिक निघालं, ‘किर्लोस्कर खबर’. संपादक होते लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव. नांगर बनवणाऱ्यांनी मासिक कशाला काढावं, असा प्रश्न पडू शकतो. पण सायकलच्या शिकवणीची गोष्ट आठवली की उत्तर सापडतं. वस्तू लोकांच्या हातात द्यायची तर त्यांच्याशी बोलत राहावं लागतं. पुढं हेच मासिक ‘किर्लोस्कर’ नावानं मराठी घराघरात पोचलं आणि त्याच्या जोडीला बायकांसाठी ‘स्त्री’ आणि तरुणांसाठी ‘मनोहर’ आली.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीमधून इंजिनिअर होऊन आले. १९२६ साली किर्लोस्करांचा सेंट्रिफ्युगल पंप आला. मोट आणि बैलांवर चालणाऱ्या शेतीला पंपाची ओळख झाली. पुढं डिझेल इंजिनं आली, विजेच्या मोटारी आल्या, पुणे, हरिहर, बंगळूरला कारखाने झाले. विहिरीवरच्या इंजिनाला नुसतं ‘किर्लोस्कर’ म्हणायचीही सवय गावागावांत पडली.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारनं त्यांचं पोस्टाचं तिकीट काढलं.

हिशोब मांडला तर या माणसाला रंग दिसत नव्हते, डिग्री नव्हती, बढती नाकारली गेली, नांगर दोन वर्षं पडून राहिला आणि उभा कारखाना उचलून माळावर न्यावा लागला. उद्योगपती म्हणून त्यांची गोष्ट सांगताना सहसा शेवटचे मोठे आकडे सांगितले जातात. पण त्या आकड्यांच्या मुळाशी बेळगावातलं एक दुकान आहे. तिथं एक भाऊ हजार रुपयांच्या सायकलवर घाबरत बसलेल्या गिऱ्हाईकाला मागून धरून चालायचा आणि तोल सावरल्यावर हळूच हात सोडून द्यायचा. आज बेळगावातल्या एका रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात.