खेळण्यांचे कारागीर गुनपेई योकोई

शाळेच्या वार्षिकांत चरित्र छापावयाचें तें एखाद्या धर्मोपदेशकाचें, देशभक्ताचें अथवा शास्त्रज्ञाचें असावें असा आजवरचा प्रघात आहे, व तो योग्यहि आहे. यंदा आम्हीं तो थोडासा मोडला आहे. ज्या गृहस्थांची हकीकत पुढें देत आहों त्यांनीं जन्मभर खेळणीं केलीं. जगभरचे व्हिडिओ खेळ करणारे लोक त्यांचें नांव आदरानें घेतात. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं मात्र तें थोड्यांसच ठाऊक असेल. तथापि त्यांनीं योजिलेल्या चार दिशांच्या लहानशा क्रूसाकृति बटणावर ज्याचा अंगठा कधींहि पडला नाहीं असा विद्यार्थी आमच्या शाळेंत विरळाच. पालकांस हा विषय हलका वाटण्याचा संभव आहे. मुलें पडद्यासमोर वेळ दवडतात ही त्यांची तक्रार आम्हांसहि मान्य आहे, व ती खोटी ठरवावी असा आमचा मुळींच हेतु नाहीं. परंतु जी वस्तु मुलाच्या हातांत रोज असते ती कोणीं, कशापासून व कोणत्या विचारानें घडविली हें मुलानें विचारूं लागणें, याला आम्ही तरी शिक्षणच म्हणूं.

गुनपेई योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजीं जपानची जुनी राजधानी जें क्योतो शहर तेथें झाला. त्याच शहरांतील दोशिशा विद्यापीठांतून त्यांनीं इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली. या विद्यापीठाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून आम्हांस पुढें जाववत नाहीं. १८६४ सालीं, जपान सोडून जाणें हा गुन्हा होता त्या काळीं, नीजिमा जो नांवाचा एक तरुण गुप्तपणें जहाजावर चढून अमेरिकेस गेला, तेथें शिकला, ख्रिस्ती झाला, आणि परत येऊन १८७५ सालीं त्यानें अमेरिकन बोर्डाच्या साह्यानें क्योतो येथें ही शाळा उघडिली. आरंभीं विद्यार्थी अवघे आठ होते. ज्या बोर्डाचे मिशनरी १८१३ सालीं मुंबईस उतरले व ज्यांच्या हातून अमेरिकन मराठी मिशन उभें राहिलें, तेंच हें बोर्ड. एवढ्यावरून योकोई यांस आम्ही आपले म्हणूं पाहत नाहीं. परंतु मुंबई-अहमदनगरकडील मिशनच्या शाळा आणि त्यांचें विद्यापीठ हीं एकाच घरचीं भावंडें होत, हें सांगण्याचा मोह आवरला नाहीं.

योकोई कांहीं पहिल्या क्रमांकाचे विद्यार्थी नव्हते. मोठमोठ्या विद्युत् कंपन्यांनीं त्यांस घेतलें नाहीं. शेवटीं १९६५ सालीं क्योतो शहरांतच निन्तेन्दो नांवाच्या कंपनींत त्यांस जागा मिळाली. ही कंपनी १८८९ सालीं निघाली असून फुलांच्या चित्रांचे पत्ते छापणें हा तिचा धंदा होता. पत्ते करणाऱ्या यंत्रांची देखभाल करावी, कांहीं बिघडल्यास दुरुस्त करावें, एवढेंच योकोई यांचें काम. पदवीधराच्या मानानें तें किती कंटाळवाणें असेल याची कल्पना वाचकांनींच करावी. फावल्या वेळीं ते कारखान्यांतील यंत्रावर आपल्या मनच्या वस्तु करीत बसत. एकदां त्यांनीं लाकडी पट्ट्या कात्रीसारख्या एकमेकींत जोडून एक लांबणारा चिमटा केला. मुठी जवळ आणिल्या कीं तो झटकन् पुढें जाई व दूरची वस्तु पकडी. नेमके त्याच वेळीं कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाऊची कारखान्यांत आले व त्यांनीं तो पाहिला. योकोई यांस कचेरींत बोलावणें आलें. आतां शिक्षा होणार असें त्यांस वाटलें. परंतु हें खेळणें विक्रीस तयार करा, असा हुकूम मिळाला. १९६६ सालीं तें अल्ट्रा हँड या नांवानें बाजारांत आलें आणि त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले. (विद्यार्थ्यांनीं यावरून वर्गांत तास चालू असतां खेळणीं करावीं असा अर्थ काढूं नये.)

तेथून पुढें योकोई यांचें काम खेळणीं शोधून काढणें हेंच झालें. घरांत खेळतां येईल असें चेंडू फेकणारें यंत्र, प्रकाशाचा नेम धरणारी बंदूक, दोघांनीं एकमेकांचा हात धरला असतां अंगांतून वाहणाऱ्या किंचित् विजेनें कांटा हलविणारें एक प्रेममापक यंत्र, असे अनेक प्रकार त्यांनीं केले. शेवटल्या खेळण्याविषयीं शाळेच्या मासिकांत अधिक लिहिणें बरें नव्हे! परंतु त्यांत विजेचें जें ज्ञान वापरलें होतें तें आमच्या नववीच्या मुलांसहि आहे, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे.

कारण योकोई यांची विचारसरणी तीच होती. नवें तंत्र महाग असतें, नाजूक असतें, व त्याचे गुणदोष कोणासच पुरते कळलेले नसतात. उलट जें तंत्र जुनें होऊन जणूं वाळून गेलें, तें स्वस्त झालेलें असतें व त्याच्या खोडी साऱ्यांस माहीत असतात. तेंच उचलावें, आणि ज्या कामीं तें पूर्वीं कोणीं लाविलें नाहीं त्या कामीं लावावें, असें ते सांगत. आपल्या घरांतील आजी विटलेल्या लुगड्यांची गोधडी शिवते. तिला नवें कापड मिळत नाहीं म्हणून नव्हे, तर जुनें कापड मऊ झालेलें असतें म्हणून. योकोई यांचें शास्त्र याहून फारसें निराळें नव्हतें.

याचा पहिला मोठा दाखला पुढीलप्रमाणें. एकदां शिंकान्सेन आगगाडींतून जातांना त्यांनीं एक कंटाळलेला प्रवासी पाहिला. तो खिशांतील कॅलक्युलेटरचीं बटणें उगाच दाबून वेळ घालवीत होता. त्या सुमारास कॅलक्युलेटर करणाऱ्या कंपन्यांच्या चढाओढीनें त्यांचे लहान पडदे अगदीं स्वस्त झाले होते. पुढें एके दिवशीं अध्यक्षांचा मोटारहाक्या आजारी पडला, आणि डाव्या बाजूस चाक असलेली त्यांची परदेशी मोटार हांकण्याचें काम योकोई यांजकडे आलें. वाटेंत त्यांनीं आपली कल्पना सांगितली. अध्यक्ष कांहींच बोलले नाहींत. परंतु त्या बैठकींत शार्प कंपनीचे प्रमुख त्यांच्या शेजारीं होते, व तेथेंच बोलणें झालें. १९८० सालीं गेम अँड वॉच हा घड्याळवजा खेळ निघाला. ११ वर्षांत त्याचे सर्व मिळून ४ कोटी ३४ लाख नग खपले. १९८२ सालच्या त्याच्या एका घडीच्या नमुन्यांत उंच दांडा बसेना, म्हणून योकोई यांनीं सपाट क्रूसाकृति बटण योजिलें. आरंभीं उल्लेखिलेलें बटण तें हेंच.

आतां आम्ही ज्या खेळासाठीं मुख्यतः हा लेख लिहिण्यास घेतला तिकडे वळूं. ६ ऑगस्ट १९८६ रोजीं जपानांत मेट्रॉइड नांवाचा खेळ प्रसिद्ध झाला. त्याचे निर्माते योकोई होत. चित्रें व रचना हिरोजी कियोताके, योशिओ साकामोतो इत्यादि त्यांच्या हाताखालील तरुणांनीं केली, दिग्दर्शन सातोरु ओकादा यांचें, आणि संगीत हिरोकाझु तानाका यांचें. तेव्हां सर्व श्रेय एकट्या योकोई यांस देणें न्यायाचें होणार नाहीं. परंतु ज्या खात्यांत तो तयार झाला त्याचे प्रमुख ते होते, व त्यांच्या विचाराची छाप त्यावर स्पष्ट दिसते.

त्या काळच्या उड्या मारण्याच्या खेळांत नायक पडद्यावर सरळ उजवीकडे धांवत सुटे. एक मजल संपली कीं दुसरी, मागें पाहण्याचें कारण नसे. मेट्रॉइडमध्यें सामुस नांवाचा चिलखतधारी वीर झेबेस ग्रहाच्या पोटांतील भुयारांत उतरतो. तो उजवीकडे जाऊं लागला कीं थोड्याच अंतरावर वाट इतकी बुटकी होते कीं पुढें जातांच येत नाहीं. मग खेळणारास सुचतें कीं आपण उलट डावीकडे जाऊन पाहावें. तेथें अगदीं जवळच एक शक्ति ठेवलेली असते. तिच्या योगानें वीर चेंडूसारखा गोल होऊन भोंकांतून गडगडत जातो. हा चेंडू झाला कसा तेंहि मौजेचें आहे. माणूस रांगतांना दाखवावयाचा तर बरींच चित्रें काढावीं लागलीं असतीं व त्या स्वस्त यंत्राची स्मरणशक्ति थोडी होती. गोळा फिरविणें सोपें, म्हणून गोळा. अडचणींतूनच अलंकार निघाला.

पुढें अशा अनेक शक्ति सांपडतात. कोणतीहि शक्ति हातीं आली कीं पूर्वीं पाहिलेल्या, पण बंद राहिलेल्या वाटा आठवतात, व मनुष्य मागें फिरतो. साधें अस्त्र आणि क्षेपणास्त्र यांची अदलाबदल एका बटणानें होते. परंतु क्षेपणास्त्रें मोजकीं, म्हणून केव्हां कोणतें धरावें हा विचार करावा लागतो. याहून कठीण निवड दोन किरणांची. एक किरण भिंतींतून लाटेप्रमाणें जातो, दुसरा शत्रूस गोठवितो, व गोठलेल्या शत्रूच्या पाठीवर पाय ठेवून उंच चढतां येतें. परंतु हे दोन्ही एकाच वेळीं बाळगतां येत नाहींत. एक घेतला कीं दुसरा गेला. पुन्हां हवा असेल तर तो जेथें ठेवला होता तेथपर्यंत परत चालत जावें. शेवटच्या भुयारांतील प्राणी गोठविल्यावांचून मरत नाहींत. तेव्हां लाटेचा किरण घेऊन तेथवर गेलेल्यास हात हलवीत परतावें लागे. सर्व शक्ति एकदम न देण्यांत खेळ करणारांनीं मोठीच समज दाखविली असें आम्हांस वाटतें.

खेळ पुरेशा लवकर संपविणारास शेवटीं आणखी एक गोष्ट कळे. वीर शिरस्त्राण काढी, आणि तो पुरुष नसून स्त्री असे. खेळ तयार होत असतां मध्येंच ही कल्पना निघाली. आमच्या विद्यार्थिनींस ही वार्ता आवडेल.

या जातीचे खेळ आज शेंकड्यांनीं होतात, व त्यांच्या जातीच्या नांवांत अर्धें नांव मेट्रॉइडचेंच आहे. त्यांतील कित्येक लहान आहेत, एका संध्याकाळांत संपतात. मुद्दाम जुन्या धाटणीचीं ठोकळेवजा चित्रें वापरतात, आणि शक्तींची अदलाबदल हाच त्यांचा प्राण असतो. जपानांतील दाइसुके आमाया यांनीं पांच वर्षें फावल्या वेळीं एकट्यानें असा एक खेळ रचिला व २००४ सालीं तो लोकांस फुकट दिला. तोंवर योकोई हयात नव्हते.

२१ एप्रिल १९८९ रोजीं गेम बॉय आला. हा हातांत धरावयाचा खेळ. पडदा हिरवट, रंग नाहींत, आंत दिवा नाहीं. योकोई यांस तो याहूनहि साधा हवा होता, असें ओकादा यांनीं पुढें सांगितलें. आंतील यंत्र सबळ असावें हा ओकादा यांचा आग्रह, आणि त्या दोघांच्या ओढाताणींतून तो सिद्ध झाला. त्याच वर्षीं अटारी कंपनीचा व पुढच्या वर्षीं सेगा कंपनीचा रंगीत पडद्याचा खेळ निघाला. दुकानांत ते शेजारीं ठेवले तर गेम बॉय दरिद्रीच दिसे. परंतु रंगीत खेळांस सहा पेन्सिल सेल लागत व ते चारपांच तासांत संपत. गेम बॉय चार सेलांवर पंधरा तास व त्याहून अधिक चाले, स्वस्तहि होता. ज्या मुलाला सेल स्वतःच्या खाऊच्या पैशांतून घ्यावे लागतात त्याला हा हिशेब कोणी शिकवावा लागत नाहीं. पुढील रंगीत आवृत्ति धरून ११ कोटी ८६ लाखांवर गेम बॉय खपले.

येथेंच चरित्र संपतें तर गोड झालें असतें. १९९५ सालीं योकोई यांनीं व्हर्च्युअल बॉय आणिला. दोन्ही डोळे लावून आंत पाहावयाचें. प्रत्येक डोळ्यापुढें तांबड्या दिव्यांची एक उभी रांग व झपाट्यानें हलणारा आरसा, आणि त्यांतून खोली असलेला देखावा दिसे. तांबडेच दिवे कां? तर तेच स्वस्त व कमी वीज खाणारे होते. म्हणजे नियम तोच, कारागीर तोच. पण काळ्यावर तांबडें पाहून डोळे शिणत, तें टेबलावर ठेवूनच वापरावें लागे, आणि एकजण पाहत असतां शेजारच्याला कांहींच दिसत नसे. सुमारें ७ लाख ७० हजार नग गेले, आणि वर्षाच्या आंत कंपनीनें तें बंद केलें. योकोई यांनीं आपला नियम सोडला म्हणून ते हरले असें कांहीं लोक लिहितात. आम्हांस तें पटत नाहीं. त्यांनीं तो पाळला होता, आणि तरीहि ते हरले. गेम बॉयच्या वेळीं त्यांनीं प्रवासांतल्या माणसाकडे पाहिलें होतें; या वेळीं पाहणाराच्या डोळ्यांकडे पुरतें पाहिलें गेलें नाहीं.

या अपयशानंतर ते लगेच निघून गेले नाहींत. गेम बॉयची लहान, हलकी आवृत्ति त्यांनीं पुरी केली. ती जुलै १९९६ मध्यें बाजारांत आली, आणि ऑगस्टमध्यें ३१ वर्षांची नोकरी सोडून त्यांनीं क्योतो येथेंच कोतो नांवाची स्वतःची लहानशी कंपनी काढिली. नोकरी सोडण्याचा विचार जुनाच होता, अपयशाशीं त्याचा संबंध नाहीं, असें त्यांनीं स्वतः लिहून प्रसिद्ध केलें.

४ ऑक्टोबर १९९७ रोजीं ते एका परिचिताच्या मोटारींतून इशिकावा प्रांतांतील महामार्गानें जात होते. त्यांची मोटार पुढील ट्रकवर आदळली. किती नुकसान झालें तें पाहण्यासाठीं ते खालीं उतरले, आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या मोटारीनें त्यांस धक्का दिला. त्यांचें वय ५६ वर्षांचें होतें. २००३ सालीं खेळ करणारांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें मरणोत्तर त्यांच्या आयुष्यभरच्या कामाचा गौरव केला.

मृत्यूसमयीं ते बांदाई कंपनीसाठीं हातांत धरावयाचा एक नवा खेळ तयार करीत होते. तो वंडरस्वान या नांवानें मार्च १९९९ मध्यें निघाला, व त्याबरोबरच्या एका कोड्यास त्यांचें नांव देऊन गुनपेई असें म्हटलें गेलें. त्याचा पडदाहि बिनरंगीच होता. तो एका पेन्सिल सेलावर तीस तास चाले.