ब्रँच भलतीच, पण कान पक्का!

आमच्या रूममधला हेडफोन परवा एकदम पातळ वाजायला लागला. वायर ठीक, आतला स्पीकर ठीक. शेवटी कळलं, कानावरची गादी फाटलीय! फटीतून हवा निसटली की बास गेलाच समजा. म्हणजे आवाज नुसत्या स्पीकरमध्ये नसतो, कोंडलेल्या हवेतही असतो. हे शास्त्र समजावून देणाऱ्यांत मोठं नाव म्हणजे हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ.

त्यांचा जन्म १८२१ सालचा, प्रशियातल्या पॉट्सडॅमचा. वडील शिक्षक, घरी पैशांची ओढाताण. हर्मनना शिकायचं होतं फिजिक्स, पण ते परवडणारं नव्हतं. सरकारी खर्चाने मेडिकल करता येत होतं. अट एकच, नंतर आठ वर्षं लष्करात डॉक्टर म्हणून नोकरी. त्यांनी ती मान्य केली. पण फिजिक्स काही सुटलं नाही. लष्करात असतानाच, १८४७ मध्ये, त्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेवर निबंध वाचला. १८५१ मध्ये डोळ्याच्या आत बघायचं ऑप्थॅल्मोस्कोप जगापुढे आणलं.

मग ते कानाकडे वळले. त्यांनी पोकळ गोळे वापरले. एका बाजूला तोंड, दुसरीकडची छोटी नळी कानात. प्रत्येक गोळा ठराविक सुरालाच घुमायचा. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून बघा, तीच गंमत! असे गोळे बदलत त्यांनी एकाच आवाजात लपलेले सूर वेगळे केले. १८६३ च्या ग्रंथात त्यांनी दाखवलं की सूर तोच असूनही बासरी आणि व्हायोलिन वेगळी वाटतात, कारण मूळ सुरासोबतचे ओव्हरटोन्स कमीजास्त असतात.

हेडफोनमध्येही हेच चालतं. कपातली हवा, बारीक भोकं, गादी, सगळे मिळून काही सूर उचलतात, काही दाबतात. आपल्या कानाची नळीसुद्धा साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास घुमते. म्हणून एकच गाणं दोन हेडफोनवर दोन तऱ्हांनी ऐकू येतं.

१८७१ साली हेल्महोल्ट्झ बर्लिनमध्ये फिजिक्सचे प्रोफेसर झाले. हवी ती ब्रँच मिळाली, पण पन्नाशीला! ज्यांच्या नावाने आपण फ्रिक्वेन्सी मोजतो ते हर्ट्झ त्यांचेच विद्यार्थी. १८९४ साली हेल्महोल्ट्झ वारले.

अॅडमिशनच्या दिवशी हवी ती ब्रँच मिळाली नाही म्हणून मीही रडले होते. आता वाटतं, नुसतं फिजिक्स शिकले असते तर त्यांना कान इतका कळला असता का?

असो. गादी नवीन आणायचीय. रूममेट्स, कॉन्ट्रिब्युशन काढा!