राजाने घेतलेला चहा

इ. स. १९१४ साली युरोपात महायुद्ध पेटले. त्याच्या झळा हिंदुस्थानालाही पोचल्या; धान्य महागले, आणि १९१८ साली इन्फ्लुएंझाच्या साथीने घरेच्या घरे ओस पडली. कोल्हापूरच्या शाहू छत्रपतींनी आपली सर्वांत मोठी कामे केली ती अशा धामधुमीच्या काळात. १९१७ साली त्यांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले. मुलास शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड होई! १९१९ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांच्या निराळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकत्र बसविण्याचा हुकूम निघाला.

परंतु हुकमाने मनातला विटाळ थोडाच जातो? गंगाराम कांबळे हे महाराजांच्या पदरी नोकर होते. सवर्णांच्या पाण्याला शिवले, म्हणून इतर नोकरांनी त्यांना बेदम मारले. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली आणि गंगारामांना पैसे देऊन शहरात चहाचे दुकान काढून दिले. पण तेथे गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज आपली गाडी दुकानापुढे थांबवून चहा मागवू लागले. स्वतः तर पीतच, शिवाय बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. राजाच्या हातचा पेला नाकारणार कोण?

मार्च १९२० मध्ये माणगावच्या परिषदेत त्यांनी २८ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांचा पुढारी म्हणून गौरव केला.

६ मे १९२२ रोजी मुंबईस महाराजांचे निधन झाले. वय अवघे ४७. पुढे १९२५ साली कोल्हापुरात त्यांचे पहिले स्मारक उभे राहिले. त्यासाठी पुढाकार घेतला होता गंगाराम कांबळे यांनी.