डोंगरातल्या स्नोमोबाइलला ट्रॅक कोणता? बोम्बार्डिए यांच्या आयुष्यातून समजून घेऊया

मी नागपूरच्या महालात राहतो. आमच्याकडे बर्फ म्हणजे उन्हाळ्यातला गोळा, बाकी काही नाही. तरी आज मी स्नोमोबाइलबद्दल लिहितोय, म्हणजे पुढे दोन स्की, मागे फिरणारा रबरी पट्टा आणि वर सीट असलेल्या बर्फावरच्या गाडीबद्दल. ही गाडी घेताना बहुतेक जण आधी इंजिन किती सीसीचं आहे ते विचारतात. आपण फोन घेताना आधी रॅम विचारतो, तसंच. पण बर्फात गाडी चालणार की रुतणार, हे ठरतं पट्ट्यावर. या पट्ट्यालाच ट्रॅक म्हणतात. हे ज्या माणसाला नीट कळलं, त्यांचं नाव जोसेफ-आर्मांद बोम्बार्डिए.

पंधराव्या वर्षी पंखा

बोम्बार्डिए यांचा जन्म १६ एप्रिल १९०७ चा, कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातल्या व्हॅलकोर्ट गावचा. आठ भावंडांत ते थोरले. घरच्यांना वाटत होतं पोरगा धर्मगुरू होईल, पण पोराचं सगळं लक्ष यंत्रांत. वडिलांनी फोर्ड मॉडेल टी गाडीचं एक जुनं इंजिन दिलं. १९२२ च्या डिसेंबरअखेरीस पंधरा वर्षांच्या आर्मांदनं ते घसरगाडीवर बसवलं आणि मागे लाकडी पंखा जोडला. भावाला पुढे बसवून गाडी गावातून फिरवलीसुद्धा! पण उघड्यावर गरागरा फिरणारा पंखा बघून वडील घाबरले. त्यांनी गाडी ताबडतोब मोडायला लावली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. इंजिन तेव्हाही होतं. अडचण होती ती इंजिनाची ताकद बर्फापर्यंत पोहोचवायची कशी, याची. पंखा हवा ढकलतो, त्याची बर्फावर पकड नसते. चाकाला पकड असते, पण ते मऊ बर्फात रुततं.

रस्ता बंद, दवाखाना लांब

१९२६ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, बोम्बार्डिए यांनी गावात स्वतःचं गॅरेज काढलं. उन्हाळ्यात गाड्यांची दुरुस्ती आणि हिवाळ्यात बर्फगाडीचे प्रयोग, असं वर्षानुवर्षं चाललं. त्या काळी तिथले गावाकडचे रस्ते हिवाळ्यात साफ होत नसत. बर्फ पडला की मोटारी घरात आणि घोड्यांच्या घसरगाड्या रस्त्यावर.

१९३४ च्या हिवाळ्यात त्यांचा दोन वर्षांचा मुलगा इव्हॉन आजारी पडला. अपेंडिक्स फुटून पोटात विष पसरत होतं. दवाखाना शेरब्रुकला, आणि रस्ते बर्फाखाली. बर्फावरून नेईल अशी गाडी गॅरेजमध्ये होती, पण अजून प्रयोगातच, चालण्याजोगी नव्हती. मूल वाचलं नाही.

या दुःखानंतर त्यांनी काम सोडलं नाही. पुढच्याच वर्षी, १९३५ मध्ये, त्यांना हवं ते जमलं: रबर चढवलेलं दातेरी चाक आणि त्यावर फिरणारा रबरी पट्टा. रबरामुळे चाकाला बर्फ चिकटून बसत नव्हता आणि पट्टा वजन मोठ्या जागेवर पसरवत होता. १९३७ मध्ये त्याचं पेटंट मिळालं.

पट्टा तरतो कसा?

हे समजायला कॅनडाला जायची गरज नाही. आपल्याकडे जेसीबीला टायर असतात आणि पोकलेनला साखळीचा पट्टा. पावसाळ्यात काळ्या मातीत जेसीबी फसतो, पोकलेन निघून जातो. कारण साधं आहे: वजन जितक्या जास्त जागेवर पसरेल, तितका जमिनीवरचा दाब कमी.

एक ढोबळ हिशोब करू. गाडी आणि माणूस मिळून ३०० किलो धरा. पट्ट्याचा जमिनीला टेकलेला भाग १५० सेंटिमीटर लांब आणि ३८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ५७०० चौरस सेंटिमीटर. सगळं वजन पट्ट्यावर आहे असं मानलं तरी दर चौरस सेंटिमीटरवर फक्त ५३ ग्रॅम. आता ७० किलोचा माणूस चालतो तेव्हा एका पावलाखाली साधारण २०० चौरस सेंटिमीटर जागा असते. म्हणजे ३५० ग्रॅम, सहा पटींहून जास्त! माणूस गुडघाभर रुततो तिथे गाडी वरून निघून जाते, ती यामुळेच.

जमीन बदलली, गाडी बदलली

आधी सात जणांची बी-७ आली, मग बारा जणांची बी-१२. १९४२ मध्ये कंपनी स्थापन झाली. या गाड्यांनी पोरांना शाळेत नेलं, टपाल पोहोचवलं, रुग्णांना दवाखान्यात नेलं. इव्हॉनच्या वेळी जे नव्हतं, ते आता गावोगाव होतं.

मग १९४८ मध्ये क्यूबेक सरकारनं हिवाळ्यात रस्ते साफ ठेवायचं ठरवलं. लोकांची सोय झाली, पण बोम्बार्डिए यांची विक्री कोसळली. तेव्हा त्यांनी हाच पट्टा दलदलीत नेला. १९५३ मध्ये आलेला मस्केग ट्रॅक्टर चिखलात आणि जंगलात काम करायचा.

एका-दोघांसाठी छोटी गाडी करायचं स्वप्न मात्र बाकी होतं. त्यासाठी हलकं इंजिन हवं होतं आणि वेगळा ट्रॅकही. त्यांचा मुलगा जर्मेन यानं आडव्या पोलादी सळयांचा, जोड नसलेला रुंद रबरी पट्टा तयार केला. १९५९ मध्ये स्की-डू बाजारात आली. पहिल्या हंगामात विकल्या गेल्या २२५. पाचच वर्षांनी, १८ फेब्रुवारी १९६४ रोजी, कॅन्सरनं बोम्बार्डिए गेले. वय होतं ५६.

मग डोंगरासाठी काय घ्यायचं?

आजही ट्रॅक निवडताना तीन आकडे बघतात. तिन्ही इंचांत.

लांबी: ही पूर्ण पट्ट्याच्या वेढ्याची असते, टेकलेल्या भागाची नाही. तयार केलेल्या वाटेवर साधारण १२० ते १३७ चालते. डोंगरातल्या खोल भुसभुशीत बर्फाला १४६ ते १६५ किंवा त्याहूनही जास्त लागते. लांब पट्टा जास्त तरतो आणि चढावर पकड देतो, पण पटकन वळत नाही. दाट झाडीतून वळणं घ्यायची असतील तर फार लांब नको.

रुंदी: बहुतेक १५ किंवा १६. रुंद पट्टा जास्त तरतो, पण उतारावर गाडी एका बाजूला कलती करून चालवायला जड जाते.

दात्यांची उंची: पट्ट्यावरचे हे रबरी दाते बर्फ मागे ढकलतात. वाटेसाठी १ ते दीड इंच, डोंगरासाठी अडीच ते ३. पण उंच दाते कडक बर्फावर नेले तर लवकर झिजतात. शिवाय पट्ट्याच्या आतल्या प्लास्टिकच्या पट्ट्यांना उडणाऱ्या बर्फामुळेच थंडावा मिळतो. कडक बर्फावर तो मिळत नाही आणि त्या तापतात.

आता इंजिन. वर हवा विरळ असते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांना अंदाजे ३ टक्के घटते. गुलमर्ग सुमारे ८७०० फुटांवर आहे, म्हणजे तिथे पाव ताकद गेलीच. लांब, उंच दात्यांचा पट्टा फिरवायलाही ताकद जास्त लागते. म्हणून इंजिन छोटं असेल तर सगळ्यात मोठा ट्रॅक लावू नका, मधला घ्या. आधी बर्फ कसला आहे ते बघायचं, मग ट्रॅक, आणि मग त्याला पुरेल असं इंजिन.

कधी गुलमर्गला गेलात आणि स्नोमोबाइलवर बसायची वेळ आली, तर फोटो काढण्याआधी जरा वाकून सीटखाली बघा. पट्टा किती लांब आहे, दाते किती उंच आहेत. गाडी मळलेल्या वाटेवरच फिरणार की वर ताज्या बर्फात जाऊ शकेल, ते तिथेच कळेल.