यजमानाचा स्वभाव : संत गाडगेबाबांच्या जीवनाच्या आधारे एक विचार

माणसाचा स्वभाव आणि त्याच्या हातून होणारे काम यांचा संबंध काय, हा प्रश्न मानसशास्त्राच्या अभ्यासकांना गेली शंभर वर्षे सतावीत आला आहे. गिरणीतील कामगार, कचेरीतील कारकून, पोलीस, विक्रेता अशा अनेकांच्या बाबतीत तो विचारला गेला. परंतु जिथे माणसाचा स्वभाव हाच कामाचा अर्धा भाग असतो असा एक व्यवसाय आहे. तो म्हणजे आल्यागेल्याची सोय पाहण्याचा, आतिथ्याचा. खानावळीत वाढणारा, लॉजच्या दारात उभा असणारा, भक्तनिवासात खोलीची किल्ली हाती देणारा माणूस तुसडा असेल तर अन्न कितीही चवदार असो, पाहुण्याच्या घशाखाली ते सुखाने उतरत नाही. म्हणूनच हॉटेल व्यवसायातील नोकरांचा स्वभाव आणि त्यांची कामगिरी यांचा संबंध शोधणारे संशोधन आज जगभर होत आहे.

हा विषय परदेशी पुस्तकांतूनच समजून घ्यायला हवा असे नाही. आपल्या वऱ्हाडात एक असा यजमान होऊन गेला की ज्याने स्वतःसाठी एक खोलीही बांधली नाही आणि परक्यांसाठी मात्र ठिकठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. संत गाडगेबाबांना आपण खराट्यामुळे आणि कीर्तनामुळे ओळखतो. प्रस्तुत लेखात त्यांच्याकडे यजमान म्हणून पाहण्याचा प्रयत्न आहे.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी, परीट कुटुंबात झाला. वडील झिंगराजी दारूच्या नादी लागले आणि त्यातच त्यांचा अंत झाला. आई सखुबाई पोराला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आपल्या माहेरी आली. मामाची गुरे राखीत, नांगर धरीत डेबू वाढला. शाळा त्याच्या वाट्याला आली नाही. सावकाराच्या व्यवहारात मामाची जमीन गेली, तेव्हा अक्षर न येणारा माणूस कसा नाडला जातो हे त्याने उघड्या डोळ्यांनी पाहिले. आपला वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला. त्यापूर्वी दापुरे, मूर्तिजापूर आणि आपले कारंजा ही एकाच जिल्ह्यातील गावे होती. तेव्हा हा माणूस सर्वार्थाने आपल्याच मातीतला म्हणावयास हरकत नाही.

डेबूजींच्या अंगातला यजमान प्रथम दिसतो तो मुलीच्या बारशाच्या वेळी. जातीच्या रिवाजाप्रमाणे पाहुण्यांना मटण आणि दारू द्यायची असे. ज्या दारूने बाप नेला ती डेबूजींनी आपल्या पंगतीत येऊ दिली नाही. त्यांनी गोडाचे जेवण घातले. भाऊबंद नाराज झाले. हा प्रसंग साधा वाटतो, पण आपल्या विषयाच्या दृष्टीने तो महत्त्वाचा आहे. पाहुणा मागेल ते देऊन त्याला खूष ठेवणे हेच आतिथ्य मानले, तर डेबूजी त्या दिवशी नापास झाले म्हणावे लागेल. पाहुण्याच्या हिताची जबाबदारी घेणे हे आतिथ्य मानले, तर मात्र त्यांच्याइतका चांगला यजमान त्या गावात दुसरा नव्हता.

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, आई, पत्नी कुंताबाई आणि लहान लेकरे मागे ठेवून ते घराबाहेर पडले. पुढची सुमारे बारा वर्षे भटकंतीची होती. अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि भाकरी घ्यायला व पाणी प्यायला एक फुटके गाडगे. या गाडग्यानेच त्यांना नाव दिले. या काळात ते गावोगावचे पाहुणे होते, पण फुकटचे नव्हेत. कुणाची लाकडे फोडावीत, कुणाच्या शेतात राबावे, गावचे रस्ते झाडून काढावेत आणि मगच चतकोर भाकरी मागावी असा त्यांचा क्रम असे. कुठे भाकरी मिळे, कुठे शिव्या मिळत, कुठे वेडा समजून हाकलून देत. उद्याच्या मोठ्या यजमानाने आतिथ्याचे शिक्षण घेतले ते असे, उंबऱ्याच्या बाहेर उभे राहून. आलेल्या माणसाला सर्वांत आधी काय लागते, हे त्यांना कुणी शिकवावे लागले नाही.

पूर्णेच्या काठी ऋणमोचन येथे पौष महिन्यात यात्रा भरते. नदीकाठी चिखल असे आणि यात्रेकरूंचे फार हाल होत. बाबा त्या चिखलात उतरून लोकांना हात देत. पुढे लोकांच्याच श्रमातून आणि देणगीतून तेथे घाट बांधला गेला. त्यांच्या कामाची सारी पद्धत यात दिसते. आधी अडचण स्वतःच्या अंगावर घ्यायची, मग ती कायमची दूर होईल अशी व्यवस्था उभी करायची. पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू अशा क्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा आणि विद्यालय झाले. १९५४ साली मुंबईत जे. जे. रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. रोग्याला खाट मिळते, पण त्याच्याबरोबर खेड्यातून आलेली म्हातारी रात्री कुठे पडते, हा प्रश्न मोठमोठ्या शिकलेल्या माणसांना सुचला नव्हता. रस्त्यावर निजलेल्या माणसालाच तो सुचावा यात नवल नाही.

आता थोडे संशोधनाकडे वळू. आधुनिक मानसशास्त्र व्यक्तिमत्त्वाचे पाच प्रमुख गुणविशेष मानते : कर्तव्यदक्षता, सौजन्य, बहिर्मुखता, भावनिक स्थैर्य आणि नव्या अनुभवांविषयीचा मोकळेपणा. १९९१ साली बॅरिक आणि माउंट या अमेरिकन संशोधकांनी आधीच्या ११७ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यांना असे आढळले की निरनिराळ्या सर्व व्यवसायगटांत चांगल्या कामगिरीशी सातत्याने संबंध दिसतो तो कर्तव्यदक्षतेचा. बहिर्मुखतेचा उपयोग विक्री आणि व्यवस्थापन यांसारख्या कामांत दिसतो. सौजन्याचा संबंध मात्र अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी निघाला. हा संबंध कर्तव्यदक्षतेच्या बाबतीतही मध्यमच आहे, म्हणजे स्वभावावरून कामाचे भाकीत थोडेफार करता येते, पुरते नव्हे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

या कसोटीवर बाबांना लावून पाहिले तर गंमत वाटते. सौजन्याच्या रकान्यात त्यांना फारसे गुण मिळाले नसते. ते गोड बोलणारे गृहस्थ नव्हते. पाया पडायला येणाऱ्याला ते झिडकारीत. कीर्तनात श्रोत्यांना अडाणीपणाबद्दल, कर्ज काढून केलेल्या सणांबद्दल, नवसाच्या बकऱ्याबद्दल वऱ्हाडी बोलीत अशी फटकारणी करीत की हसता हसता माणूस शरमून जाई. पण कर्तव्यदक्षतेच्या रकान्यात त्यांच्या वरचढ कोण सापडेल? दानाची रक्कम त्यांनी स्वतःजवळ ठेवली नाही. संस्थांचे विश्वस्त नेमले आणि आपल्या वंशजांचा किंवा नातलगांचा त्या मिळकतीवर कोणताही हक्क राहू नये अशी तजवीज केली. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. बाबांनी कुणाला शिष्य केले नाही, मठ काढला नाही. ज्या धर्मशाळा उभ्या केल्या त्यांत स्वतः आरामात राहिले नाहीत. शौचकूप आणि अंगण साफ आहे की नाही हे पाहताना मात्र त्यांनी कधी कंटाळा केला नाही. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, त्याच्या व्यवहारावर लोकांनी लाखो रुपये विश्वासाने सोपविले, ते त्याच्या गोड बोलण्यावर नव्हे, तर त्याच्या सचोटीवर.

परंतु या संशोधनात एक उणीव राहते, आणि ती पंढरपूरची धर्मशाळा आपल्या लक्षात आणून देते. नोकराची कामगिरी मोजायची म्हणजे काय करायचे? बहुधा मालकाचे मत घेतात किंवा गिऱ्हाइकाचे. पण जो गिऱ्हाईक म्हणून दाराच्या आतच येऊ शकत नाही, त्याचे मत कोण विचारणार? त्या काळी पंढरपुरात धर्मशाळा, वाडे, बडव्यांची घरे यांची वाण नव्हती. तिथे उतरणाऱ्या सवर्ण वारकऱ्याला विचारले असते, तर त्याने आपल्या यजमानाच्या स्वभावाची वाखाणणीच केली असती. त्याच वेळी महार वारकरी आषाढीच्या पावसात वाळवंटात भिजत होता. त्याच्यासाठी कोणत्याच दाराला आतली बाजू नव्हती. बाबांनी संत चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली ती या माणसासाठी. पुढे त्यांनी ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे विद्यार्थ्यांच्या उपयोगासाठी सोपविली. यजमानाचा स्वभाव कसा आहे हे पाहायचे असेल, तर तो कुणाशी कसा वागतो याबरोबरच तो कुणाला पाहुणा मानतो हेही पाहावे लागते. प्रश्नावलीत हा प्रश्न नसेल तर ती प्रश्नावली अपुरी आहे, असे नम्रपणे म्हणावेसे वाटते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. १९२३ साली बाबांचा मुलगा गोविंद कुत्रा चावल्याचे निमित्त होऊन गेला. बाबा त्या वेळी कोकणात खारेपाटण येथे कीर्तनात होते. बातमी येऊन पोहोचली. त्यांनी कीर्तन थांबविले नाही. समोर बसलेल्या लोकांचे काम त्यांनी पुरे केले. हा प्रसंग आपण शाळेपासून वैराग्याचे उदाहरण म्हणून ऐकत आलो आहोत. मानसशास्त्राच्या भाषेत तो भावनिक स्थैर्याचा पराकोटीचा नमुना ठरेल. पण १९८३ साली आर्ली हॉकशील्ड या अमेरिकन विदुषींनी विमानातील सेविकांच्या कामाचा अभ्यास करून एक वेगळी बाजू जगापुढे मांडली. मन जळत असताना चेहरा हसरा ठेवणे हेही श्रमच आहेत, आणि पगार देणारी कंपनी ते श्रम विकत घेते, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हे श्रम डोळ्यांना दिसत नाहीत, पण ते करणारा माणूस थकतो, आणि कधी कधी आपल्या खऱ्या भावना कोणत्या हेच त्याला कळेनासे होते.

बाबांनी दुःख गिळले ते स्वतःच्या निवडीने. त्यांच्यावर कुणी मॅनेजर नव्हता. रात्री बारा वाजता टेबल पुसणाऱ्या पोराकडून तीच अपेक्षा करणे हा न्याय नव्हे. त्याची आई गावी आजारी असते, रजा मिळत नाही, आणि तरी गिऱ्हाइकापुढे हसायचे असते. संतांचा आदर्श दाखवून नोकराकडून फुकटचे हसू मागणे सोपे आहे. बाबांनी मात्र लोकांना कष्ट करा असे सांगितले तसे कष्टकऱ्याला लुबाडू नका असेही सांगितले. सावकाराने मामाची जमीन घेतलेली त्यांनी पाहिली होती, ते विसरणारे नव्हते.

आणि येथेच कुंताबाईंची आठवण केली पाहिजे. ज्या मुलाच्या मृत्यूने बाबा डगमगले नाहीत तो त्यांचाही मुलगा होता. नवऱ्याच्या हातून लाखोंच्या इमारती उभ्या राहिल्या, पण त्यांच्या वाट्याला झोपडीच आली. बायको म्हणून धर्मशाळेच्या अन्नावर त्यांचा विशेष हक्क बाबांनी मानला नाही. तत्त्व म्हणून हे थोरच. पण कोणत्याही मोठ्या यजमानामागे घरातल्या कुणीतरी सोसलेले असते, आणि त्याची नोंद चरित्रात दोन ओळींत आटोपते. आपल्या घरांतही पाहुणा आला म्हणजे आतिथ्याचे नाव वडिलांचे होते आणि चुलीपुढे आई असते. स्वभाव आणि कामगिरी यांचा हिशेब मांडताना हा खर्च कोणत्या रकान्यात लिहायचा, याचा विचार अभ्यासकांनी केला पाहिजे.

बाबांचे अखेरचे कीर्तन नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात झाले. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे येत असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलाशी बाबांनी देह ठेवला. रस्त्यावर जगलेला माणूस रस्त्यावरच गेला. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे.

आपल्या जिल्ह्यातही आतिथ्याचे काम लहान नाही. कारंजाचे गुरुमंदिर, पोहरादेवी, शिरपूरचे अंतरिक्ष पार्श्वनाथ या ठिकाणी दूरदूरचे लोक येतात. समृद्धी महामार्ग कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव या तालुक्यांतून गेला आहे. आपल्यापैकी कितीतरी मुले-मुली पदवीनंतर पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत नोकरी धरतात. तेव्हा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्पासाठी विषय शोधायला लांब जाण्याचे कारण नाही. एखाद्या भक्तनिवासात किंवा खानावळीत जावे, तेथील वाढप्यांशी, झाडूवाल्या बायांशी, गल्ल्यावरच्या माणसाशी बोलावे. पाच गुणविशेषांची प्रश्नावली जरूर भरून घ्यावी. त्याबरोबर कामाचे तास, पगार, आठवड्याची सुट्टी आणि मालकाची वागणूक यांचीही नोंद करावी, म्हणजे चिडका दिसणारा नोकर स्वभावाने चिडका आहे की चौदा तास उभा राहून चिडला आहे, हे निदान कळेल. आणि मालकाला, गिऱ्हाइकाला विचारून झाल्यावर आणखी एका माणसालाही विचारावे. जुने धोतर नेसलेला, पायात चप्पल नसलेला कुणी आला तर इथे त्याला पाणी कसे मिळते, हे त्यालाच विचारावे. ज्याला गाडगे घेऊन दारोदार उभे राहावे लागले त्या बाबांनी यजमानाची परीक्षा याच प्रश्नाने घेतली असती.